मासेराटी २५०एफ: बोटभर गाडी, भिंगाखाली पाहिलेली

सदाशिव पेठेतील दोन खोल्यांच्या घरात १:१८ प्रमाणातील, म्हणजे खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याएवढ्या, मॉडेल मोटारींना जागा कुठून आणणार, म्हणून जुन्या इटालियन शर्यतीच्या गाड्यांचा माझा संग्रह १:४३ वरच थांबला आहे. गेल्या महिन्यात कॅम्पातील एका दुकानातून मासेराटी २५०एफ आणली. अर्जेंटिनाच्या हुआन मॅन्युएल फॅन्जिओ या शर्यतपटूने १९५७ साली न्युर्बुर्गरिंगच्या शर्यतमार्गावर जर्मन ग्रां प्री ही शर्यत जिंकून फॉर्म्युला वनचे पाचवे विश्वविजेतेपद निश्चित केले ते याच प्रकारच्या गाडीतून, त्यामुळे अपेक्षा मोठी होती.

लाल रंग पातळ आणि एकसारखा बसला आहे. चाकांच्या बारीक तारा भिंगाखालीही एकमेकींना चिकटलेल्या दिसत नाहीत, आणि लांबट नाकाचा उतार, जो स्वस्त मॉडेलांत हमखास बोथट होतो, तो इथे नेमका साधला आहे. बॉनेट मात्र उघडत नाही. अडीच लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन मनातच पाहायचे.

खरी तक्रार वेगळीच आहे. काचेच्या कडेला गोंदाचा पांढुरका डाग आहे आणि नाकावरचा १ हा क्रमांक किंचित तिरका चिकटला आहे. बदलून मागितल्यावर दुकानदाराने ‘इतके बारीक कोण बघतो?’ असे विचारले. अहो, हा छंदच बारीक बघणाऱ्यांचा! घ्यायची असल्यास डबी काउंटरवरच उघडून, उजेडात धरून घ्यावी.