५५८ ला ‘ए’, ४८० ला ‘ए स्टार’: एडेक्सेलच्या युनिट पद्धतीची पारख

फिजिक्समध्ये ६०० पैकी ५५८ युनिफॉर्म गुण मिळवलेल्या विद्यार्थ्याला ‘ए’ मिळते आणि ४८० मिळवलेल्याला ‘ए स्टार’. पहिल्याचे शेवटच्या तीन युनिटांत (विषयाच्या सुट्या परीक्षा होणाऱ्या भागांत) २६८ गुण होते, दुसऱ्याचे २७०. छपाईची चूक नाही, नियमच असा आहे. पिअर्सन एडेक्सेल या ब्रिटिश परीक्षा मंडळाचं इंटरनॅशनल ए लेव्हल (बारावीच्या पातळीची परीक्षा) घेणाऱ्या अनेक घरांना हा नियम निकालाच्या दिवशी कळतो. म्हणून इथे अभ्यासक्रम किंवा प्रश्नपत्रिका बाजूला ठेवून फक्त गुण मोजण्याच्या आणि जोडण्याच्या व्यवस्थेची पारख केली आहे.

थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २००० पासून ए लेव्हल युनिटांत विभागलं गेलं. २०१० मध्ये ‘ए स्टार’ आली. २०१५ पासून पुन्हा सगळी परीक्षा शेवटी एकदम घेण्याकडे वळण घेतलं गेलं आणि तिथली युनिट पद्धत हळूहळू संपली. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती वेगळ्या रूपात टिकली. ब्रिटनबाहेरच्या केंद्रांसाठी एडेक्सेलच्या इंटरनॅशनल ए लेव्हलने ती जवळजवळ जुन्याच स्वरूपात जपली आहे: जानेवारी, मे-जून आणि ऑक्टोबर अशी तीन सत्रं, हवं ते युनिट हव्या त्या सत्रात, आणि पुन्हा दिलं तर चांगला गुण धरला जातो. ऑक्टोबरमध्ये मात्र सगळे विषय नसतात. त्या सत्रावर बेत आखण्याआधी वेळापत्रक बघाच.

आता मुख्य यंत्र. उत्तरपत्रिकेवर मिळतात ते कच्चे गुण. ते थेट जोडले जात नाहीत, कारण एका सत्राचा पेपर अवघड निघतो, दुसऱ्याचा सोपा. म्हणून प्रत्येक सत्रानंतर प्रत्येक युनिटसाठी ग्रेडच्या सीमा ठरतात आणि कच्चे गुण युनिफॉर्म मार्क स्केलवर, म्हणजे यूएमएसवर, उतरवले जातात. यूएमएसवर सीमा कधीच हलत नाहीत: ८० टक्क्यांना ए, ७० ला बी, ६० ला सी, ५० ला डी, ४० ला ई. हलते ती कच्च्या गुणांची सीमा.

मॅथेमॅटिक्सचं पी१, म्हणजे प्युअर मॅथेमॅटिक्सचं पहिलं युनिट घ्या. ७५ कच्चे गुण, १०० यूएमएस. समजा अवघड सत्रात बी ची सीमा ५० आणि ए ची ५८ ठरली. ५५ गुण मिळवणारा बी च्या ५ गुण वर आहे. बी ते ए हे अंतर ८ कच्च्या गुणांचं, आणि त्या अंतराला १० यूएमएस. म्हणजे ७० अधिक ५ भागिले ८ गुणिले १०. उत्तर ७६.२५, पूर्णांकात ७६. आता समजा पुढचं सत्र सोपं गेलं आणि सी ची सीमा ४८, बी ची ५६ झाली. तेच ५५ गुण आता सी आणि बी च्या मध्ये पडतात: ६० अधिक ७ भागिले ८ गुणिले १०, म्हणजे ६९. तेवढेच कच्चे गुण, सात यूएमएसचा फरक. (या सीमा फक्त हिशेब दाखवायला घेतल्या आहेत. खऱ्या सीमा प्रत्येक सत्राच्या निकालासोबत जाहीर होतात.)

सराव पेपरात ५५ मिळाले की ‘७३ टक्के, म्हणजे बी पक्का’ असं म्हणायची सवय असेल, तर ती आधी मोडा. कच्च्या गुणांच्या टक्क्यांना इथे स्वतःचा काही अर्थ नाही. सराव ज्या सत्राच्या पेपरवर केला, त्याच सत्राच्या सीमा लावूनच तो मोजावा.

ए च्या वरच्या पट्ट्यात मात्र हे साधं त्रैराशिक लावत बसू नये. तिथे पूर्ण यूएमएस अनेकदा पूर्ण कच्च्या गुणांच्या आधीच लागू होतात, आणि वरच्या टोकाचा उतार खालच्या पट्ट्यांसारखा नसतो. बोर्डाचं रूपांतराचं साधन ऑनलाइन आहे. युनिट, सत्र आणि कच्चे गुण भरले की यूएमएस मिळतात. या साधनाला पूर्ण गुण द्यायला हवेत.

मॅथेमॅटिक्समध्ये सहाही युनिटं १०० ची असल्याने हिशेब सरळ आहे. विज्ञानात तसं नाही. फिजिक्समध्ये युनिट १, २, ४ आणि ५ प्रत्येकी १२० यूएमएसची, तर प्रयोगकौशल्याची युनिट ३ आणि ६ प्रत्येकी ६० ची. पहिल्या दोन युनिटांचे कच्चे गुण ८०, चौथ्या-पाचव्याचे ९०, तिसऱ्या-सहाव्याचे ५०. लहान युनिट म्हणून युनिट ३ कडे दुर्लक्ष करणारे इथेच चुकतात. समजा युनिट ३ मध्ये बी ३३ वर आणि ए ३६ वर आहे. तीन कच्च्या गुणांत ६ यूएमएस, म्हणजे एकेका गुणाला दोन. त्याच सत्रात युनिट १ मध्ये बी ५० आणि ए ५८ असेल, तर आठ गुणांत १२ यूएमएस, म्हणजे गुणामागे दीड. सीमा जितक्या जवळ, तितका एकेक गुण महाग. आलेखाच्या अक्षावर एकक लिहायचं राहिलं, अनिश्चितता लिहिली नाही, सार्थ अंक चुकले, अशा एका गुणाच्या गळतीने या पेपरात इतर कुठल्याही पेपरपेक्षा जास्त नुकसान होऊ शकतं.

एकूण बेरीज ६०० पैकी असते: ४८० ला ए, ४२० ला बी, ३६० ला सी, ३०० ला डी, २४० ला ई. नुसतं एएस, म्हणजे ए लेव्हलचा पहिला अर्धा टप्पा, घेतलं तर ३०० पैकी, आणि सीमा बरोबर निम्म्या. प्रत्येक युनिट वेगळं पास व्हावं लागत नाही. एखाद्या युनिटमध्ये ई च्या खाली, १०० पैकी ३१ यूएमएस मिळाले, तरी ते ३१ बेरजेत येतात. दुबळं युनिट भरून काढायची ही मुभा या पद्धतीतली सगळ्यात माणुसकीची गोष्ट आहे.

आणि मग ‘ए स्टार’. ती बेरजेवर मिळत नाही, तिला दोन अटी आहेत. एकूण ४८०, आणि शिवाय दुसऱ्या टप्प्याच्या युनिटांत ९० टक्के. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत म्हणजे युनिट ४, ५ आणि ६ मिळून ३०० पैकी २७०. मॅथेमॅटिक्समध्ये पी३ आणि पी४ मिळून २०० पैकी १८०. मेकॅनिक्स, स्टॅटिस्टिक्स किंवा डिसिजनचे गुण या दुसऱ्या अटीत धरलेच जात नाहीत. पी१, पी२, एम१ आणि एस१ या चारही युनिटांत शंभर-शंभर आणि पी३ अधिक पी४ १७९, तर बेरीज ५७९ आणि ग्रेड ए. एएसला ‘ए स्टार’ नसतेच, आणि एकट्या युनिटलाही नसते.

या नियमामागचं कारण पटतं. पहिल्या वर्षाची सोपी युनिटं पुन्हापुन्हा देऊन गुण फुगवता येतात, म्हणून सर्वोच्च ग्रेड अवघड भागावरच टेकवली आहे. तक्रार आहे ती मांडणीबद्दल. गुणपत्रिकेवर युनिटनिहाय यूएमएस आणि एकूण ग्रेड दिसते, पण ‘ए स्टार’ किती गुणांनी आणि कुठल्या अटीवर हुकली, हे कुणी लिहून देत नाही. घरी बसून बेरीज करावी लागते. एवढं काटेकोर यंत्र बांधल्यावर ती एक ओळ छापणं अवघड नव्हतं.

पुन्हा परीक्षेचा निर्णयही याच हिशेबावर घ्यावा. पी३ मध्ये ९२, पी४ मध्ये ८४, एस१ मध्ये ७१, एकूण ५०३. बहुतेक जण ७१ बघून एस१ ला पुन्हा बसतात. त्याने ग्रेड हलणार नाही. ए आहेच, आणि ‘ए स्टार’साठी पी३-पी४ मिळून आणखी चार यूएमएस हवे आहेत. उलट एकूण ४७४ असतील आणि हवी असेल ए, तर सहा यूएमएस कुठूनही चालतील. तेव्हा वाव सगळ्यात जास्त आणि अभ्यास सगळ्यात ताजा असेल ते युनिट निवडा. ९७ असलेल्या युनिटमध्ये मिळवण्यासारखे तीनच उरले आहेत. पुन्हा दिल्यावर गुण कमी आले तर जुनेच धरले जातात, त्यामुळे गुणांचा धोका नाही. खर्च होतो तो शुल्काचा आणि वेळेचा.

उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागताना मात्र धोका आहे: गुण वाढू शकतात तसे घटूही शकतात. बदल होतो तो कच्च्या गुणांत, सीमा जागच्या जागी राहतात. म्हणून आधी त्या युनिटमध्ये एका कच्च्या गुणाला किती यूएमएस पडतात ते काढा. सहा यूएमएस हवेत आणि गुणामागे सव्वा मिळतो, तर पाच कच्चे गुण वाढायला हवेत. आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवून ते पाच गुण खरंच दिसतात का बघणं शहाणपणाचं.

यंत्रणेची सगळ्यात दुबळी कडी गणितात नाही, कागदपत्रांत आहे. सहा युनिटं देऊन झाली म्हणजे ए लेव्हल आपोआप मिळत नाही. केंद्राने त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते, तिला कॅश-इन म्हणतात. मॅथेमॅटिक्सच्या एएसचा कोड एक्सएमए०१, पूर्ण ए लेव्हलचा वायएमए०१. ही नोंद राहिली तर निकालात युनिटांचे गुण येतात आणि ग्रेडची जागा रिकामी. मग उशिराची नोंद, धावपळ, आणि विद्यापीठाची मुदत डोक्यावर. युनिट पुन्हा देऊन गुण वाढवले तरी नवी ग्रेड हवी असेल तर कॅश-इनही पुन्हा करावं लागतं. एएस आधी कॅश-इन केलं म्हणून ती युनिटं खर्च होत नाहीत, पूर्ण ए लेव्हलमध्ये ती पुन्हा वापरता येतात.

दुसरा घोळ ओळख क्रमांकाचा. प्रत्येक परीक्षार्थीला यूसीआय नावाचा १३ चिन्हांचा क्रमांक असतो. निरनिराळ्या सत्रांतली युनिटं त्याच क्रमांकावर एकत्र येतात. शाळा बदलली, किंवा खासगी परीक्षार्थी म्हणून दुसऱ्या केंद्रात नाव घातलं आणि तिथे नवा क्रमांक काढला गेला, की एकाच मुलाचे दोन परीक्षार्थी होतात आणि युनिटं जुळत नाहीत. जुन्या गुणपत्रिकेवरचा क्रमांक नव्या केंद्राला नोंदणीच्या दिवशीच लेखी द्या. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षरशः तीच ठेवा.

केंब्रिज इंटरनॅशनल या दुसऱ्या परीक्षा मंडळाशी तुलना अनेक जण करतात. तिथे एएसचे गुण पुढे नेता येतात, पण १३ महिन्यांच्या आत, आणि एखादाच पेपर सुटा करून पुन्हा देता येत नाही. एकदम तयारी करून एकदाच बसणाऱ्याला ते अधिक सुटसुटीत वाटेल. अभ्यास तुकड्यांत करणारा, आजारपणाने किंवा स्थलांतराने खंड पडलेला, किंवा एका विषयात उशिरा सूर सापडलेला विद्यार्थी असेल तर एडेक्सेलच निवडावं. गुण मोजण्याच्या प्रामाणिकपणाला पाचपैकी पाच, समजावून सांगण्याला तीन, आणि कॅश-इनच्या व्यवस्थेला जेमतेम दोन.

मॅथेमॅटिक्ससोबत फर्दर मॅथेमॅटिक्स हा पुढच्या गणिताचा स्वतंत्र विषय घेणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. दोन्हींसाठी मिळून बारा वेगवेगळी युनिटं लागतात, एक युनिट दोन्हीकडे मोजलं जात नाही. पी१ ते पी४ मॅथेमॅटिक्समध्येच जातात. सोबतची जोडी मात्र एम१-एस१, एम१-डी१, एम१-एम२, एस१-डी१ किंवा एस१-एस२ यांपैकी कोणतीही असू शकते, आणि कुठली जोडी कुठे गेली यावर दोन्ही ग्रेड अवलंबून असतात. मॅथेमॅटिक्स पहिल्या वर्षीच कॅश-इन झालं असेल, तर फर्दरच्या वेळी दोन्हींचं कॅश-इन एकत्र पुन्हा मागा, म्हणजे बाराही युनिटांची वाटणी नव्याने होईल. परीक्षा अधिकाऱ्याकडे ही विनंती लेखी द्या आणि नोंदणीच्या उताऱ्यात दोन्ही कोड दिसतात का ते स्वतः तपासा.