गळती रोखणारे यंत्र: प्रवाह मोजणारे घ्यावे की ओल ओळखणारे?

घरात कुठे गळती झाली की वॉल्व्ह आपोआप बंद करणारी यंत्रे प्रामुख्याने दोन प्रकारची असतात. पहिले यंत्र नळीतून वाहणारे पाणी मोजते आणि ते ठरवून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ सलग वाहिले, तर वॉल्व्ह फिरवते. दुसऱ्यात गिझरखाली, बेसिनखाली किंवा वॉशिंग मशीनमागे छोटे सेन्सर ठेवलेले असतात आणि त्यांना ओल लागली की वॉल्व्ह बंद होतो. लातूरच्या आमच्या घरात आधी पहिला प्रकार होता, आता दुसरा आहे.

आपल्याकडे शहाबादी फरशीवर पाणी सांडल्याने फारसे नुकसान होत नाही. खरा फटका बसतो तो रातोरात टाकी रिकामी झाल्याचा. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हे वेगळे सांगायला नको. केवळ वाया जाणारे पाणी हाच निकष धरला, तर प्रवाह मोजणारे यंत्र कागदावर सरस ठरते. टाकी कोरडी असताना उघडी राहिलेली तोटी मोटार लावल्यानंतर थेट मोरीत वाहू लागते. फरशी कोरडीच राहत असल्याने ओलीच्या सेन्सरला त्याचा पत्ता लागत नाही. ही त्याची उणीव मोठी आहे.

तरीही मला प्रवाह मोजणाऱ्या यंत्राचा नाद सोडावा लागला, तो कूलरमुळे. उन्हाळ्यात कूलरची टाकी वरच्या टाकीच्या कमी दाबाने भरायला बराच वेळ घेते, आणि एकदा भरली की फ्लोटमधून दिवसभर बारीक धार चालू राहते. नळीतल्या पाण्याने फिरणाऱ्या छोट्या पंख्यावरून प्रवाह मोजणाऱ्या साध्या सेन्सरला मिनिटाला सुमारे १ लिटरहून कमी प्रवाह नीट दिसत नाही, त्यामुळे ती बारीक धार त्याच्या नजरेतून सुटते. पण मग फ्लश टाकीच्या झिजलेल्या वायसरमधून होणारी झिरपणही तशीच सुटते. याउलट अधिक सूक्ष्म प्रवाह ओळखणारे महाग यंत्र घेतले, तर ते कूलरच्या धारेलाच गळती समजते. आमच्याकडे ऐन मे महिन्याच्या दुपारी वॉल्व्ह बंद व्हायचा, कूलरचा पंप कोरडा फिरत राहायचा आणि गरम वारा सुटल्यावरच ते लक्षात यायचे. वेळेची मर्यादा वाढवावी, तर खरी गळतीही तेवढा वेळ वाहू द्यावी लागते. अखेर आईने बायपासचा, म्हणजे यंत्राला वळसा घालून पाणी नेणाऱ्या नळीचा, कॉक उघडला आणि पुढे तो कोणी बंदच केला नाही. बायपासवर टाकलेले यंत्र भिंतीवर असले काय आणि नसले काय, सारखेच.

अशा वेळी दोष शोधणे हेही एक कामच होऊन बसते. प्रवाह मोजणारे यंत्र कुठेतरी पाणी वाहिले एवढेच सांगते. कूलर, फ्लश, आरओ की न्हाणीतली तोटी, हे आपल्याला एकेक कॉक बंद करून पाहावे लागते. फ्लशवर संशय असल्यास त्याच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर वायसर बदलावे. नळी रिकामी होऊन पुन्हा भरताना हवा सुटते, तिच्यानेही पंखा फिरतो, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

ओलीचे सेन्सरही खोटा इशारा देतात, नाही असे नाही. फरशी पुसताना ओले फडके लागले तरी ते वाजतात, आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार सेन्सरच्या दोन धातूच्या टोकांमध्ये साचले की फरशी सुकल्यावरही इशारा थांबत नाही. मात्र कोणता सेन्सर वाजला ते कळते, तिथे वाकून पाहता येते, आणि क्षार असतील तर लिंबाच्या रसाने टोके पुसून कोरडी केली की बहुतेक वेळा काम भागते. घरातल्या कुणालाही हे जमते, प्लंबरची वाट पाहावी लागत नाही. माझे मत इकडे झुकले ते प्रामुख्याने यामुळे. ज्यांच्याकडे कूलर नाही, त्यांचा अनुभव निराळा असू शकेल. घर महिनोन्‌महिने बंद राहत असेल, तर प्रवाह मोजणारे यंत्रच अधिक उपयोगाचे, कारण तेव्हा वाहणारे कोणतेही पाणी गळतीचेच असते.

यंत्र कोणतेही घेतले तरी वॉल्व्ह मोटारीवर फिरणारा बॉल वॉल्व्ह असावा. अनेक सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने उघडझाप होणाऱ्या) वॉल्व्हना नीट चालण्यासाठी किमान दाब लागतो, आणि दर १० मीटर उंचीला साधारण १ बार या हिशोबाने एकमजली घराच्या टाकीतून तो पुरेसा मिळेलच असे नाही. बॉल वॉल्व्ह क्षारांनी अडकू नये म्हणून महिन्यातून एकदा बंद-चालू करावा. मोटार घुमते पण वॉल्व्ह फिरत नाही, असे दिसल्यास हाताने फिरवण्याची सोय वापरून पाहावी. वीज गेल्यावर वॉल्व्ह बहुधा आहे त्याच स्थितीत थांबतो, म्हणून जोडणी इन्व्हर्टरवर घ्यावी. आणि खरेदीपूर्वी गच्चीवर जाऊन टाकीतून खाली किती लाइन उतरतात ते मोजावे, कारण स्वयंपाकघर आणि न्हाणी यांच्या लाइन वेगळ्या असतील, तर एका वॉल्व्हने सगळे घर बंद होत नाही.