एडेलब्रॉक २१०२ : ओझं ओढणाऱ्या जुन्या ३५० साठी कॅम

माझा १९७८ चा शेवरोले सी२० पिकअप आहे. ३५० घन इंचांचं इंजिन, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, चार गिअर आणि मागे बहुतेक वेळा भरलेला ट्रेलर. इंजिन स्लोवर ठेवलं की एका बाजूने टकटक यायची. रॉकर काढून पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उचलायला ढकलणाऱ्या दांडीच्या) टोकावर उचल मोजणारा डायल गेज लावला, तर कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याचा, एक एक्झॉस्ट लोब (फुगवटा) बाकीच्यांपेक्षा स्पष्टच कमी उचलत होता. लोब झिजला की कॅम बदलण्याशिवाय इलाज नसतो. मी एडेलब्रॉक कंपनीचा परफॉर्मर-प्लस २१०२ घेतला. आता त्याच्यावर भरपूर गाडी चालवून झाली आहे, म्हणून लिहितो.

आधी आकडे. ०.०५० इंच लिफ्टवर (उचलीवर) मोजलं तर इनटेकचं ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या २०४ अंश आणि एक्झॉस्टचं २१४. व्हॉल्व्हपाशी लिफ्ट ०.४२० आणि ०.४४२ इंच. लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर) ११२ अंश, इनटेक सेंटरलाइन (पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून इनटेक लोबच्या शिखरापर्यंतचं अंतर) १०७. त्या काळच्या साध्या ३५० मध्ये शेवरोलेचा जो कॅम सर्रास यायचा, त्याचे आकडे १९५ आणि २०२ अंश, ०.३९० आणि ०.४१० इंच. म्हणजे २१०२ त्याच्यापेक्षा थोडाच मोठा आहे. ट्रकसाठी हा थोडेपणाच मला हवा होता.

कॅम निवडताना बहुतेक लोक लिफ्ट बघतात. माझ्या मते ट्रकवाल्याने सगळ्यात आधी इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो ते बघावं. पिस्टन खालून वर यायला लागल्यावरही हा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडा असतो. वेग कमी असताना तेवढ्या वेळात आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलली जाते, आणि दाबायला सिलिंडरमध्ये उरतं कमी. २१०२ चा इनटेक ०.०५० इंचावर मोजलं तर पिस्टन तळाला गेल्यानंतर २९ अंशांवर बंद होतो. त्याच सेंटरलाइनवर २३० अंशांचा कॅम घेतला तर हेच ४२ अंशांवर जातं. कॉम्प्रेशन चांगलं असलेल्या इंजिनाला ते परवडतं. माझ्यासारख्या साडेआठ कॉम्प्रेशनच्या आसपासच्या जुन्या इंजिनाची मात्र खालची ताकद त्यात निघून जाते, आणि भरलेला ट्रेलर घेऊन चढावर निघताना तीच ताकद लागते.

एक्झॉस्ट दहा अंशांनी जास्त का, तर या जुन्या हेडचे एक्झॉस्ट पोर्ट इनटेकच्या मानाने कंजूष आहेत आणि पुढचे पाइपही अरुंद. जळालेला वायू बाहेर काढायला त्यांना जादा वेळ द्यावा लागतो. कॅम बनवणाऱ्याने हा विचार केलेला दिसतो.

बसवताना रेडिएटर, जाळी, वॉटर पंप, टायमिंग कव्हर हे सगळं निघतं. पेट्रोल पंपाचा पुशरॉड काढायला विसरू नका, नाहीतर कॅम बाहेर येताना तिथेच अडतो. नवा कॅम आत सरकवताना त्याच्या तोंडावर तीन लांब बोल्ट लावून घ्या. धरायला मूठ मिळते आणि लोबची धार बेअरिंगला घासत नाही. टायमिंगच्या खुणा समोरासमोर, म्हणजे वरच्या गिअरची खूण खाली आणि क्रँकची वर, अशा आल्या की फायरिंगला सहा नंबरचा सिलिंडर असतो, एक नंबरचा नाही. डिस्ट्रिब्युटर बसवताना पुष्कळ जण इथे चुकतात आणि मग नव्या कॅमला दोष देतात.

किटमध्ये नवे लिफ्टर (लोब आणि पुशरॉड यांच्यामधले ठोकळे) येतात, ही मोठी सोय. जुने लिफ्टर नव्या कॅमवर कधीही चालवू नयेत. सपाट दिसणाऱ्या लिफ्टरचा तळ प्रत्यक्षात किंचित फुगीर असतो आणि लोबला बारीकसा उतार असतो, त्यामुळे लिफ्टर प्रत्येक उचलीबरोबर स्वतःभोवती फिरतो. फिरायचा थांबला तर लोब लवकरच खाल्ला जातो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी मी प्रत्येक पुशरॉडवर मार्करने रेघ मारली आणि क्रँक हाताने फिरवत गेलो. सोळाही रेघा हळूहळू बाजूला सरकताना दिसल्या, तेव्हाच व्हॉल्व्ह कव्हर लावलं.

पहिला स्टार्ट जपून करायचा. डिस्ट्रिब्युटर काढलेला असतानाच ड्रिल लावून ऑइल पंप फिरवा, वर रॉकरपर्यंत तेल येऊ द्या. इंजिन सुरू झालं की स्लोवर सोडायचं नाही. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर ठेवून, वेग कमीजास्त करत वीस ते तीस मिनिटं चालवायचं. लोबवर तेल मुख्यतः क्रँकने उडवलेलं पडतं आणि स्लोवर ते पुरेसं उडत नाही. तेलही झिंक असलेलं हवं. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी ते कमी केलेलं असतं.

रस्त्यावर हा कॅम काय देतो? स्लोवर इंजिन शांत राहतं, व्हॅक्यूम भरपूर मिळतो, त्यामुळे ब्रेक बूस्टर पूर्वीसारखाच काम करतो. दीड हजारापासून गाडी ओढायला लागते. आधी ज्या चढावर तिसरा टाकावा लागायचा तिथे आता चौथ्यातच निघून जाते. मला याहून जास्त काही नको होतं, आणि एवढं मिळाल्याचा आनंद रोज गाडी काढताना होतो.

कंपनी याचा पल्ला स्लोपासून साडेपाच हजारांपर्यंत सांगते. माझ्या इंजिनात साडेचार हजारांनंतर दम संपतो. मूळ हेड आणि मूळ एक्झॉस्ट असल्यावर तिथून वर जायचं कारणही नाही. स्लोवर धडधडणारा आवाज हवा असेल तर हा कॅम घेऊ नका, तो आवाज यात अजिबात नाही. व्हॉल्व्ह स्प्रिंग मात्र जुने ठेवू नका. इतक्या वर्षांत ते बसलेले असतात.

हा १९८६ पर्यंतच्या इंजिनांचा कॅम आहे. १९८७ पासून बऱ्याच ब्लॉकमध्ये रोलर लिफ्टर आले आणि त्या कॅमचं पुढचं तोंड वेगळं आहे. मागच्या मालकाने इंजिन बदललेलं असू शकतं, म्हणून ऑर्डर देण्याआधी ब्लॉकवरचा कास्टिंग नंबर वाचून घ्या.