शेततळ्यातल्या माशाला तेल कुठलं: माशाचं की सोयाबीनचं?

सिन्नर-निफाडकडे शेततळ्यात मासे पाळणारे खाद्याच्या गोणीवर प्रथिनांचा टक्का बघतात. चरबीच्या ओळीकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. खरा फरक तिथेच आहे.

माशाचं तेल महाग. त्यात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं तयारच मिळतात. बऱ्याच समुद्री माशांना त्याशिवाय गत्यंतर नाही. रोहू, तिलापिया मात्र अल्फा-लिनोलेनिक आम्लापासून, म्हणजे वनस्पती तेलातल्या ओमेगा-३ पासून, ती थोडीफार स्वतः बनवतात. कॅव्हियारसाठी, म्हणजे खारवलेल्या अंड्यांसाठी, पाळला जाणारा स्टर्जन मासाही यातलाच. त्याच्या खाद्यात बरंचसं वनस्पती तेल घातलं तरी वाढ सहसा अडत नाही.

सोयाबीन तेल स्वस्त, पण त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक, म्हणजे ओमेगा-६. अल्फा-लिनोलेनिक जेमतेम ७-८ टक्के. मासा वजन धरतो, पण मांसातली चरबी खाद्यासारखीच होत जाते. ओमेगा-३ साठी मासा खाणाऱ्याच्या ताटात मग ते कमीच पडतं.

टिकण्यात सोयाबीनच सरस. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या माशाच्या तेलाच्या खाद्याला लवकर खवट, रंगाच्या डब्यासारखा वास मारायला लागतो. असं खाद्य माशाच्या यकृतावर येतं. स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये.

माझं मत विचाराल तर वाढीच्या काळात सोयाबीन, आणि काढणीआधीचे शेवटचे दोनेक महिने माशाच्या तेलाचं खाद्य. मांसातलं ईपीए-डीएचए त्यात बरंच भरून येतं. अर्थात, बाजारात नुसत्या वजनावर भाव मिळणार असेल तर हा खर्च कशाला करायचा?