दंडावरचा शुगर सेन्सर: घरात दोघांना लावला, दोघांचा हिशोब वेगळा

आमच्या घरी डायबिटीसवाले दोघं. सासरे ७१ वर्षांचे, टाइप २, १६ वर्षं झाली गोळ्यांवर. आणि लेक ११ वर्षांची, टाइप १, तीन वर्षांपासून इन्सुलिनवर. दंडाच्या मागे चिकटवायचा तो १४ दिवसांचा सेन्सर दोघांनाही लावून झाला, आणि इथे इंदूरला सुदामा नगरात ओळखीतल्या चार-पाच जणांनी विचारलं की घ्यावा का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला तक्रारपण करायचीये आणि तसंही या सगळ्या सेन्सरचं काम एकाच पद्धतीने चालतं.

वस्तू म्हणजे बाटलीच्या झाकणाएवढी चकती. दंड स्पिरिटने पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा (इथे घाई केली की दोन दिवसांत निघालाच समजा), लावायचं यंत्र ठेवून दाबायचं, खटकन आवाज येतो आणि झालं. सुई परत बाहेर येते, आत केसासारखी बारीक तार राहते, आणि साखरेचा आकडा मोबाइलवर दिसतो. लेकीने पहिल्या वेळी डोळे घट्ट मिटून माझी ओढणी धरलेली, नंतर म्हणाली, लागला पण? एवढंच?

आता एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. हा रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि तिथे साखर पोचायला पाच-दहा मिनिटं जास्त लागतात. म्हणून जेवल्यावर किंवा खेळताना साखर भराभर बदलत असली की ग्लुकोमीटर (बोट टोचून साखर बघायचं यंत्र) आणि सेन्सर जुळणार नाहीत, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या दिवशीचे आकडेपण जरा इकडेतिकडे असतात. ग्लुकोमीटर घरात हवाच. आणि बोट टोचायच्या आधी हात धुवा हो, आमच्या बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, साखर एकदा ३१२ आली, सगळे घाबरलो, नंतर कळलं हापूस चिरून तसेच बसलेले. साबणाने हात धुवून परत केली तर १६४.

बाबांचं आधी सांगते. टाइप २ मध्ये शरीरात इन्सुलिन असतं पण ते नीट लागू पडत नाही, आणि वर्षं जातील तसं बनणंपण कमी होतं. बाबांचं एचबीएवनसी ८.१ होतं, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, पण सरासरी नेमकी कशाने वाढतेय ते त्या कागदावर दिसत नाही. सकाळची उपाशीपोटीची शुगर १२८-१३० यायची त्यामुळे ते म्हणायचे माझी कंट्रोलमध्ये आहे. इंदूरच्या माणसाला रविवारी पोहे-जलेबी सोडा म्हणणं म्हणजे भांडणच, मी १५ वर्षं सांगून थकले. सेन्सर लावल्यावर रविवारी नेहमीसारखे कोपऱ्यावर गेले, शेव-जीरावन घातलेले पोहे आणि दोन जलेब्या. सव्वा तासाने मोबाइल बघितला तर २५८. काही बोलले नाहीत, चष्मा पुसून परत बघितला.

पुढच्या रविवारी मी घरीच पोहे केले, आधी वाटीभर मोड आलेले मूग खायला लावले, पोह्यात मटार आणि दाणे भरपूर, पोहे निम्मे, जलेबी नाही, आणि खाऊन झाल्यावर लगेच २० मिनिटं चक्कर. १७६ वर थांबली. त्यानंतर मला काही सांगावंच लागलं नाही. एकादशीची साबुदाणा खिचडी २४० ला गेली तेव्हा ते स्वतःच म्हणाले, अगं हा उपास कसला, पुढच्या वेळी भगर कर थोडी आणि दही जास्त दे. (भगरपण मोजूनच.) आणि उपासाचं निघालंच आहे तर, ज्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे त्यांनी गोळी घेऊन उपाशी राहू नका, साखर खाली पडते, डॉक्टरांना आधी विचारा. हे बाबांनापण माहीत नव्हतं इतकी वर्षं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.२. पण यात सेन्सर लागला फक्त दोनदा. एकाचे जवळपास ५ हजार जातात, ते दर १५ दिवसांनी बाबांसाठी घालवायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. गोळ्यांवरच्या माणसाने वर्षातून एक-दोनदा लावावा, आपल्या ताटातलं काय किती चढवतं ते शिकून घ्यावं, आणि मग ग्लुकोमीटरवर यावं. उरलेल्या पैशात डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन) आणि पायांची तपासणी करा, ती दरवर्षी लागतेच आणि आपल्याकडे लोक नेमकी तीच टाळतात.

लेकीचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. टाइप १ म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने मारून टाकलेल्या. गोड खाल्ल्याने होत नाही, आईच्या लाडाने होत नाही, आणि गोळीने, काढ्याने, मेथीने भागत नाही, इन्सुलिन रोज लागतं, एक दिवस सोडून चालत नाही. हे मोठ्याने लिहितेय कारण हळदीकुंकवात मला तोंडावर ऐकवलंय लोकांनी. आठ वर्षांची होती, घटाघटा पाणी प्यायची, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, फ्रॉक ढगळ झाले, आणि आम्ही म्हणालो मे महिना आहे, पाणी पिणारच. मग उलट्या, धाप, आणि थेट आयसीयू. मुलांमध्ये असं काही दिसलं तर त्याच दिवशी बोट टोचून साखर बघा, उद्यावर टाकू नका.

तिच्यासाठी आकड्याशेजारचा बाण, म्हणजे साखर वर चाललीय की खाली ते दाखवणारा, आकड्यापेक्षा मोलाचा आहे. ११० आणि बाण सरळ, तर बिनधास्त शाळेत जा. तेच ११० आणि बाण खाली, तर आधी बिस्किट खा. नवरात्रात गरबा खेळून आली, जेवली, झोपली, आणि रात्री अडीचला अलार्म. ६१. बोट टोचलं तर ५८. अंग घामाने चिंब, हाक मारली तर नुसतं हूं. बसवून, नीट गिळतेय ना ते बघून, पाण्यात तीन चमचे साखर घालून पाजली, घड्याळ लावून १५ मिनिटं बसले, ८४. मग अर्धी पोळी आणि दूध. भरपूर खेळल्यावर साखर कित्येक तासांनी, झोपेतसुद्धा पडू शकते, आणि तो अलार्म नसता तर मला सकाळीच कळलं असतं. या एका रात्रीसाठी मला सेन्सरची किंमत जास्त वाटत नाही.

पण दुसऱ्या एका रात्री ५४ चा अलार्म आला, धावत गेले, तर ही शांत झोपलेली, अंग कोरडं, बोट टोचलं तर १०४. ती त्याच कुशीवर, सेन्सर दाबून झोपली होती. दाब पडला की आकडा खोटा खाली जातो. म्हणून आकडा आणि पोरगी जुळत नसतील तर बोट टोचा, आणि लगेच, वाट बघत बसू नका. अंगाला घाम, थरथर असं काही दिसत असेल तर मात्र आधी साखर द्या.

आता तक्रार. आपल्याकडे मे महिन्यात गोंद टिकत नाही. १४ दिवस म्हणतात, लेकीचा नवव्या दिवशी घामाने सुटला, वरून लावायची पट्टी वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती डब्यात का नाही देत कळत नाही. कस्टमर केअरला तीन दिवस फोन, प्रत्येक वेळी नवा माणूस, परत पहिल्यापासून सांगा, शेवटी बदलून दिला पण डोकं पिकवलं. दुसरं म्हणजे दर महिन्याला दोन सेन्सर, वर इन्सुलिन, वर स्ट्रिप्स, एवढं सगळ्यांना परवडणार नाही. मग निदान शाळेच्या परीक्षा, सणवार, आजारपण, ट्रिप अशा वेळी लावा आणि बाकी दिवस जेवणाआधी आणि झोपताना टोचा, आम्हीपण पहिली दोन वर्षं तेच केलं आणि निभावलं.

दवा बाजारमध्ये (इथलं औषधांचं मार्केट) थोडं स्वस्त मिळतं पण डब्यावरची एक्स्पायरी तिथेच उभं राहून वाचा. एमआरआय असेल तर काढावा लागतो.

लेकीचा चालूच राहणार. बाबांचा पुढचा गणपतीत लावायचा ठरलाय, उकडीच्या मोदकाचा ग्राफ बघायचाय म्हणे, आणि आधी मूग खाऊन, एकच मोदक, मग आरतीला उभं राहायचं, हे त्यांनीच ठरवलंय.