इन्सुलिन पंप की पेन? आधी ‘बेसल’ समजून घ्या

टाइप १ मधुमेह असलेल्या घरात पंपाचा विषय कधी ना कधी निघतोच. माहिती शोधायला बसलं की बेसल, बोलस, कॅन्युला, आयओबी असे शब्द एकामागून एक अंगावर येतात. पंप म्हणजे अंगाला लावून ठेवायचं, कातडीखाली सतत इन्सुलिन सोडणारं छोटं यंत्र; पेन म्हणजे दर डोसला टोचायचं पेनसारखं इंजेक्शन. मी दोन्ही वापरलं आहे आणि माझं मत पक्कं आहे: यातला ‘बेसल’ नीट कळला की अर्धा निर्णय होतो.

आपण उपाशी असलो तरी यकृत रक्तात साखर सोडत राहतं, त्यासाठी चोवीस तास लागणारं इन्सुलिन म्हणजे बेसल. जेवणासाठी किंवा चढलेली शुगर उतरवण्यासाठी घेतो ते बोलस. पेनवर बेसलसाठी ग्लार्जिन किंवा डेग्लुडेकसारखं दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन बहुधा दिवसातून एकदा घ्यायचं आणि जेवणाआधी लिस्प्रो किंवा ॲस्पार्टसारखं जलद इन्सुलिन. पंपात फक्त जलद इन्सुलिन भरतात. तेच थोडंथोडं दिवसभर जात राहतं, आणि जेवताना आकडा टाकला की बोलस म्हणूनही तेच जातं.

पंपाचं सुख यातच आहे. पहाटे शुगर चढत असेल तर तेवढ्या तासांपुरता बेसल वाढवता येतो. व्यायामाच्या आधी तो काही वेळ कमी करता येतो. पेननं टोचलेलं दीर्घकाळचं इन्सुलिन मात्र परत काढता येत नाही. लहान मुलांना अगदी बारीक डोस लागतात. पेन एक किंवा अर्ध्या युनिटनं पुढे सरकतं, पंप ०.०५ युनिटही देऊ शकतो.

धोकाही यातच आहे. एका रात्री दोन वाजता माझी शुगर ३१० होती. पंपानं बोलस दिला, तासाभरानं ३४०. अलार्म नव्हता. पोटावरची पट्टी उचलली तर ती ओली, आणि इन्सुलिनचा तो उग्र, औषधी वास. कॅन्युला, म्हणजे कातडीखाली जाणारी बारीक नळी, दुमडली होती आणि इन्सुलिन बाहेरच पाझरत होतं. पेननं डोस टोचला, सेट (कॅन्युला, पट्टी आणि नळी) बदलला, कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून रक्तात साठणारी आम्लं, तपासले. पंपावर अंगात दीर्घकाळच्या इन्सुलिनचा साठा नसतो, त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांत कीटोन वाढून कीटोॲसिडोसिसपर्यंत, म्हणजे रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतण्यापर्यंत, जाऊ शकतं. म्हणून पंप घेतला तरी पेन घरातून जात नाही.

हिशेब दोन्हीकडे सारखाच. समजा डॉक्टरांनी १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट हे प्रमाण ठरवलंय आणि १ युनिटनं तुमची शुगर ५० नं उतरते. जेवणात ६० ग्रॅम कर्बोदकं, शुगर २२०, लक्ष्य १२०: म्हणजे ६ अधिक २, एकूण ८ युनिट. पण आधीच्या डोसमधलं २ युनिट इन्सुलिन अजून अंगात काम करत असेल, तर ती दुरुस्तीची २ वजा करायची. या शिल्लक इन्सुलिनलाच आयओबी म्हणतात. पंप ही वजाबाकी स्वतः करतो; साध्या पेनवर ती आपणच लक्षात ठेवायची. ती विसरून डोसवर डोस चढला की शुगर ७० च्या खाली जाते.

पंप लावला की सगळं आपोआप होईल, असं समजू नका. सेन्सरच्या, म्हणजे कातडीवर लावलेल्या, सतत शुगर मोजणाऱ्या उपकरणाच्या आकड्यांवरून बेसल स्वतः कमी-जास्त करणारे पंप आता आहेत, पण बहुतेकांना जेवण सांगावंच लागतं आणि सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलावाच लागतो. सेन्सर तर पेनसोबतही चालतो. एकच नवी गोष्ट घेणं शक्य असेल तर मी आधी सेन्सर घ्यायला सांगेन. शुगर झपाट्यानं बदलत असताना त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो, एवढं ध्यानात ठेवा.

पेनवर राहणं म्हणजे कमी प्रतीचा उपचार, असंही मानू नका. १९९३ साली निकाल आलेल्या डीसीसीटी या मोठ्या अभ्यासात काटेकोर उपचार घेणाऱ्या गटात काहीजण पंपावर होते, काहीजण दिवसाला तीन किंवा जास्त इंजेक्शनांवर. डोळे, मूत्रपिंड आणि नसांचा त्रास त्या गटात कमी झाला.

रात्री वारंवार शुगर उतरत असेल, पहाटेची चढ आवरत नसेल किंवा डोस फार बारीक असतील, तर पंपाचा विचार जरूर करा. चिकटपट्टीनं कातडी सोलवटत असेल, अंगाला सतत काही लावलेलं नको वाटत असेल किंवा दिवसातून अनेकदा शुगर पाहणं जमत नसेल, तर पेनच बरं. मन दोन्हीकडे ओढत असेल तर डॉक्टरांना विचारा, नुसतं सलाइन भरलेला पंप चार दिवस लावून बघता येईल का. झोपताना, अंघोळीला जाताना, कपडे बदलताना तो कसा वाटतो, ते तेव्हाच कळतं.