कॅमेरा कोणता घ्यावा: फुजी एक्स१००-सिक्स की रिको जीआर-थ्री?

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी माझा कौल फुजीला, पण त्याच्या जुन्या धाटणीच्या देखण्या रूपासाठी नव्हे. मालवणच्या जेट्टीवर भर दुपारी स्क्रीनवर धड काही दिसत नाही. तिथे व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, लागतोच, आणि रिकोला तो नाही. शिवाय फुजीत एनडी फिल्टर (आत येणारा प्रकाश कमी करणारी काच) आतच आहे, त्यामुळे लखलखत्या वाळूवरही लेन्स पूर्ण उघडी (एफ/२) ठेवून फोटो काढता येतो. ४० मेगापिक्सेल असल्याने नंतर फोटोच्या कडा कापायलाही भरपूर वाव.

रिको २५७ ग्रॅमचा, फुजीच्या जवळपास निम्मा. खिशात मावतो, मासळीच्या लिलावात कुणी बुजत नाही. हे सुख मोठं आहे!

पावसाचं मात्र खटकतं. एवढी किंमत मोजूनही फुजीला अ‍ॅडॅप्टर रिंग (फिल्टर बसवायचं कडं) आणि लेन्सपुढे संरक्षक फिल्टर लावल्याशिवाय सरींत नेता येत नाही. रिकोला तर तेवढीही सोय नाही.